चौथ्या वळणावरचं ब्लँकेट

मोटारी डावीकडे वळतात. मग पुन्हा डावीकडे वळतात. उजवीकडे वळायची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही, आणि आली तर अँब्युलन्स बोलवावी लागते. जिथून निघाल्या तिथेच त्या परत येतात, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. उलट लोक उभे राहून टोप्या हलवतात. आमच्या सीडर फोर्कमध्ये दर शनिवारी संध्याकाळी हा प्रकार चालतो आणि पाव मैलाच्या त्या वाटोळ्या रस्त्याभोवती अख्खं गाव जमतं. यात बघण्यासारखं काय आहे, असं मी लग्न होऊन या गावात आल्यापासून विचारतो आहे.

विचारायचा मला अधिकार आहे असं मी समजतो. मी बॅप्टिस्ट चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, मुलांना पियानो शिकवतो आणि आसपासच्या गावांतले झाडून सगळे पियानो सुरात लावतो. माझं पोट माझ्या कानांवर चालतं. एक तार केसभर उतरलेली ऐकली तर मला जेवण गोड लागत नाही. अशा माणसानं सायलेन्सर काढून टाकलेल्या वीस मोटारींच्या शेजारी स्वखुशीनं जाऊन बसावं अशी गावाची अपेक्षा, आणि ती मी पुरी केली नाही म्हणून गाव मला 'प्रोफेसर' म्हणतं. आमच्याकडे ही शिवी आहे.

माझे सासरे मात्र ट्रॅकवरचं जुनं माणूस. हॉइट बॅरिंजर असं त्यांचं नाव. जन्म सुताच्या गिरणीत गेला. बोलण्याच्या बाबतीत ते फार काटकसरी. लग्नासाठी नेडीनचा हात मागायला मी गेलो तेव्हा मी अर्धा तास बोललो आणि ते "हं" म्हणाले. तो होकार होता हे मला नेडीननं बाहेर आल्यावर सांगितलं. पण शनिवारी ट्रॅकवर, चौथ्या वळणाजवळ, लाउडस्पीकरच्या खांबाखालच्या रांगेत हाच माणूस भडाभडा बोलायचा म्हणे. तोंडानं नव्हे, हातांनी. तिथल्या आवाजात तोंडाचा उपयोगच नसतो. सासूबाईंशी, म्हणजे मिस ओपलशी (आमच्या गावात लग्न झालेल्या बायकांनाही मिसच म्हणतात), त्यांच्या खुणा ठरलेल्या होत्या. दोन बोटांची चिमूट म्हणजे लोणच्यातली काकडी दे. कोपर वर केलं म्हणजे आपली सात नंबरची गाडी आता पुढे काढणार, बघ. आणि दंडावर तळहात चोळला म्हणजे थंडी वाजतेय का?

"आईला कधीच वाजायची नाही," नेडीन सांगते. "ती गरम प्रकृतीची. जानेवारीत खिडकी उघडी टाकून झोपायची. पण डॅडींनी दंड चोळला की मान हलवून हो म्हणायची. मग डॅडी ब्लँकेटचं टोक तिच्या गुडघ्यांवर ओढायचे. समोरची नजर न हलवता."

गेल्या वर्षी, शर्यतींचा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, मिस ओपल गेल्या. त्या अख्ख्या हंगामात मिस्टर हॉइट एकदाही ट्रॅकवर गेले नाहीत. ते आमच्याकडे राहायला आले आणि मागच्या पडवीतल्या खुर्चीत बसले. शनिवारी संध्याकाळी पाइनच्या झाडांपलीकडून मोटारींची घरघर आली की ते उठून स्वयंपाकघरात जायचे आणि नळ सोडून ठेवायचे. भांडी विसळायला नाही, नुसताच. त्यांचं "हं"सुद्धा कमी होत गेलं. पट्ट्याला त्यांनी सुरीनं एक नवं भोक पाडलं, मग आणखी एक. डॉक्टर म्हणाले, बिघाड काही नाही. नेडीनला तर तेच जास्त भीतीचं वाटलं.

"डॅडी त्या खुर्चीतून उठणार नाहीत, एलिस," ती एकदा रात्रीची भांडी पुसताना म्हणाली. "एक दिवस त्या खुर्चीतच…" आणि तिनं ताटली पुन्हा पुन्हा पुसली. "या वर्षीच्या पहिल्या शर्यतीला त्यांना न्यायचंच. आपल्या जागी एकदा बसले ना, की बसले. तू फक्त सकाळी जाऊन जागा धर."

फक्त जागा धर. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं 'फक्त' या शब्दानं सुरू झालेली आहेत.

आमच्या ट्रॅकवर जागा धरायची म्हणजे शर्यतीच्या दिवशी सकाळी सिमेंटच्या पायरीवर आपलं ब्लँकेट अंथरायचं, त्याची टोकं टेपनं चिकटवायची आणि घरी यायचं. संध्याकाळी जावं तर जागा तशीच. इतपत मला ऐकून माहीत होतं. तरी कामाची बाजू नीट समजून घ्यावी म्हणून मी शेजारच्या मिस फे लॅकी यांना कुंपणापाशी गाठलं.

"फाटक उघडायच्या आधी जाऊन उभा राहा," मिस फे म्हणाल्या. "टेप घे. स्वस्तातली नको, ती सुटते."

"आणि आपलं ब्लँकेट कुणी उचललं तर?"

"कोण उचलेल?"

"समजा."

"समजा म्हणजे काय?" त्या चिडल्याच. "असं कसं समजायचं? उद्या म्हणशील, समजा पाद्रीबाबांनी दानपेटी पळवली."

विषय निघालाच होता म्हणून मी माझा नेहमीचा प्रश्न विचारून घेतला. तुम्ही तिथे काय बघायला जाता?

"आपटतात ना गाड्या, ते."

"म्हणजे माणसं मरायची वाट बघता?"

"जीभ झडो तुझी! गाड्या आपटल्या की मी डोळे मिटते. घट्ट. मग ड्रायव्हर खिडकीतून बाहेर येतो आणि लोकांना हात करतो ना, तेव्हा उघडते. तो हात करतो ते बघायला जाते मी."

हे उत्तर मला त्या वेळी अगदीच बाष्कळ वाटलं.

माझा पिंड व्यवस्थित माणसाचा आहे. टेप आणि विश्वास यांच्या भरवशावर एवढी मोठी गोष्ट सोडणं मला पटेना. म्हणून मी शुक्रवारी ट्रॅकच्या तिकीट खिडकीवर गेलो. तिथे मिस व्हर्लीन बसतात. त्या माझ्या लहानपणापासून तिथे बसल्या आहेत असं म्हणायला हरकत नाही, कारण त्या सगळ्यांच्याच लहानपणापासून तिथे आहेत.

"चौथ्या वळणाजवळच्या दोन जागा राखून हव्या होत्या," मी म्हटलं.

"आम्ही जागा राखत नाही."

"पण लोक ब्लँकेटं टाकून राखतात."

"ते लोक राखतात. आम्ही नाही."

"मग त्याचा काही नियम असेल ना? कुठे लिहिलेला?"

"लिहिलेला नाही म्हणून तर सगळे पाळतात, प्रोफेसर. लिहिलेले नियम ते तिकडे." त्यांनी हनुवटीनं एक पाटी दाखवली. काचेच्या बाटल्या आणू नयेत, कुत्रे आणू नयेत. पाटीखाली एक तांबडा कुत्रा गाढ झोपला होता.

"निदान जागेचा नंबर तरी सांगा."

"जागांना नंबर नसतात. नंबर गाड्यांना असतात. जागा कुणासाठी हवीये?"

"मिस्टर हॉइटसाठी."

मिस व्हर्लीननी पहिल्यांदाच मान वर केली. "त्यांच्या जागेची काळजी तुम्ही नका करू," त्या म्हणाल्या आणि खिडकी ओढून घेतली. हपिसातल्या लोकांचं हे ठरलेलं वाक्य मी ओळखून आहे. काळजी करू नका म्हणाले की माणसानं खुशाल काळजीला लागावं.

घरी वेगळंच नाटक. मिस्टर हॉइटचं ट्रॅकवरचं ब्लँकेट सापडेना. तपकिरी रंगाचं, एका कोपऱ्याला सिगारेटनं जळलेलं, अख्ख्या गावाला ओळखीचं असं ते ब्लँकेट. नेडीननं कपाटं उपसली, माळा उपसला, त्यांच्या जुन्या घरी जाऊन तिथली पेटी पालथी घातली. डॅडींना विचारायची सोय नव्हती, कारण त्यांना न्यायचा बेत अजून त्यांनाच सांगितलेला नव्हता. शेवटी ती दमून म्हणाली, "घे कपाटातलं कुठलंही." मी कपाटातलं सगळ्यात स्वच्छ वस्त्र निवडलं. पाहुण्यांच्या खोलीतला पलंगपोस, झालरीचा. पोपटी म्हणावं की शेवाळी, अशा सुरेख हिरव्या रंगाचा.

शनिवारी सकाळी फाटक उघडल्यावर थोड्याच वेळात मी पायऱ्या चढून खांबाखालच्या रांगेत गेलो, आणि जागच्या जागी थिजलो. माझ्या सासऱ्यांच्या जागेवर कुणीतरी ब्लँकेट अंथरून ठेवलं होतं. लाल-काळ्या चौकड्यांचं. बरोबर दोन माणसांपुरतं, चारही टोकांना टेप लावून.

मला राग सहसा येत नाही. आमच्या धंद्यात तो परवडत नाही. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे पट्ट्याची ती नवी भोकं आली. माणूस वर्षभर आला नाही तर लगेच त्याच्या जागेवर टपून बसायचं? बायको गेलेल्या माणसाच्या? मी टेप ओढून काढली. ब्लँकेट उचललं. मी काही असंस्कृत नाही, मी ते नीट चौघडी घालून रांगेच्या टोकाला ठेवलं, आणि जागेवर माझा हिरवा पलंगपोस अंथरला. झालर लोंबती राहील अशा बेतानं. आसपास चारपाच माणसं आपापली ब्लँकेटं चिकटवत होती. ती सगळी माझ्याकडे बघत राहिली. एकाच्या हातातलं टेपचं रीळ सुटून पायऱ्यांवरून टणटणत पार खाली गेलं. त्यांना माझ्या धीटपणाचं कौतुक वाटलं असावं असा माझा समज झाला.

विजयी मुद्रेनं मी नाश्त्याला चौकातल्या खाणावळीत शिरलो. तिथे गोड थंड चहाचा पेला कधी रिकामा राहत नाही. दोन घोट घेतले की वाढणारी बाई पुन्हा भरते. त्या दिवशी माझा पेला रिकामा झाला आणि रिकामाच राहिला. मी तो हलवून बर्फ वाजवला. बाई माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होती. शेजारच्या स्टुलावरचा माणूस आपली अंड्याची ताटली उचलून पलीकडे जाऊन बसला. घरी येतो तर फोन. चर्चमधल्या गायकवृंदाचे प्रमुख मोठ्या मायेनं म्हणाले की उद्या रविवारी मी जरा विश्रांती घ्यावी. मी दमलेला नाही असं मी म्हटलं. "तरी घे," ते म्हणाले. दुसरा फोन एका शिष्येच्या आईचा. मुलीला पियानोपेक्षा पोहण्यात जास्त गोडी आहे, असं तिला आज सकाळीच कळलं होतं.

आणि मग अंगणातून मिस फे आल्या, एप्रनला हात पुसत.

"एलिस टीग, तू ड्यूई साइझमोरचं ब्लँकेट उचललंस?"

म्हणजे चोर ठरला तर! ड्यूई साइझमोर हा माझ्या सासऱ्यांचा पक्का वैरी. सासरे सात नंबरचे, हा एकवीस नंबरचा. सासऱ्यांच्या बरोबर मागच्या रांगेत त्याची जागा. कुठल्याशा जुन्या शर्यतीत सातनं एकवीसला भिंतीला नेऊन चिकटवलं होतं. तेव्हापासून या दोघांचं बोलणं फक्त शनिवारी, आणि तेही एकमेकांची अब्रू काढण्यापुरतं.

"त्यानं आमची जागा बळकावली होती," मी म्हटलं.

"काहीही असो! ब्लँकेट उचलायचं नसतं! मागे एकानं नुसतं पायानं सरकवलं होतं, तो माणूस आता टेनेसीत राहतो. आणि तू म्हणे त्याजागी हिरवं अंथरलंस?"

"स्वच्छ होतं."

"हिरवं! शर्यतीला!" मिस फे खुर्चीतच बसल्या. "हिरव्या रंगाला ड्रायव्हर किती भितात ठाऊक आहे? अरे, तुझ्या घरच्यांनी तुला काहीच शिकवलं नाही का?"

"आमचे लोक समुद्रकाठचे. आमच्याकडे शनिवारी मासे धरतात."

"बिचारे," मिस फे म्हणाल्या.

नेडीन तोंडावर बोट ठेवून पडवीकडे खुणा करत होती. मिस फेनी लगेच आवाज कमी केला. त्यांचा कमी केलेला आवाज दोन अंगणं ओलांडतो. पडवीतली खुर्ची करकरली. जाळीचं दार उघडलं आणि मिस्टर हॉइट दारात येऊन उभे राहिले.

"कुणाचं ब्लँकेट?" ते म्हणाले.

नेडीननं माझ्याकडे बघितलं. शेवटी मी सांगितलं. सगळं सांगितलं, झालरीसकट. ऐकता ऐकता त्यांचे कान लाल झाले. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही रंग आलेला आम्ही वर्षभरात पाहिला नव्हता.

"माझ्या घरातल्या माणसानं," ते म्हणाले, "दुसऱ्याचं ब्लँकेट उचललं. चाळीस वर्षं बसतोय मी तिथे. माझ्या पोरीच्या नवऱ्यानं. ड्यूई साइझमोरचं!" एवढं सलग ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. "नेडीन, माझी टोपी आण."

नेडीन धावली आणि सात नंबरची टोपी घेऊन आली. त्यांनी ती बाजूला सारली. "ती नको. चर्चची. शर्यत बघायला नाही चाललो, माफी मागायला चाललोय. पाच मिनिटांचं काम. एलिस, गाडी काढ."

"तूही चल ना," मी नेडीनला हळूच म्हटलं.

"नको. मी असले की ते आईच्या जागेकडे बघत राहतील," ती म्हणाली, आणि सात नंबरची टोपी माझ्या कोटाच्या खिशात कोंबली. "एलिस, आता तरी काही करू नकोस. नुसता उभा राहा."

मी तिचं ऐकायला हवं होतं. पण माफी मागायला रिकाम्या हातानं जाऊ नये असं माझ्या आईनं मला शिकवलं आहे. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मी भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची मोठी पिशवी घेतली, टरफलांच्या, गरम गरम, आणि सासऱ्यांना उगाच मिरवल्यासारखं वाटू नये म्हणून कोटाखाली लपवली. खिडकीशी तिकिटं काढताना मिस व्हर्लीनचं नाक हललं.

"प्रोफेसर," त्या सावकाश म्हणाल्या, "कोटाखाली शेंगा आहेत?"

"ड्यूईसाठी. भेट."

"टरफलांसकट?" त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांना पाय आहेत हे मला तेव्हा समजलं. "ट्रॅकवर शेंगांचं टरफल? असला अपशकुन? सकाळी ब्लँकेट, मग हिरवं, आता शेंगा! तुम्हाला नक्की कुणी पाठवलंय?"

मी घाईघाईनं पिशवी बाहेर काढायला गेलो आणि ती फुटली. शेंगा उडाल्या त्या फाटकात, पायऱ्यांवर, रांगेतल्या बायकांच्या पर्समध्ये. जो तो त्या चुकवत उड्या मारू लागला, कारण त्या पायाखाली फुटणं त्याहून वाईट. मिस्टर हॉइटनी डोळे मिटले, आणि मग पायऱ्या चढू लागले. मी मागोमाग. पायाखाली करकर वाजत होतं.

चौथ्या वळणाजवळची अख्खी बाजू आमच्याकडे बघत होती. माझा पलंगपोस त्या उन्हात होता त्याहून दसपट हिरवा दिसत होता. आसपासच्या जागा भरलेल्या, आणि तरी त्याच्या चहूबाजूंनी हातभर मोकळं ठेवलेलं. मागच्या रांगेत ड्यूई साइझमोर बसला होता, मांडीवर तळलेल्या बोलोनी सॉसेजचं सँडविच घेऊन. रुंद, लाल चेहऱ्याचा, एकवीस नंबरची टोपी घातलेला म्हातारा.

मिस्टर हॉइटनी डोक्यावरची टोपी काढली. "ड्यूई," ते म्हणाले, "ते चौकड्यांचं ब्लँकेट तुझं?"

"माझं."

"माझ्या जावयानं उचललं. माझ्या घरातून असं आजवर झालं नव्हतं. मी माफी मागायला आलोय. तू तुझं ब्लँकेट टाक, जागा तुझी. आम्ही निघतो."

"जागा माझी कशी?" ड्यूई म्हणाला. "माझी जागा ही. हिच्यावर बसलोय. ती तुझी आहे."

"मग तुझं ब्लँकेट तिथे…"

"तुझं कुठे राहिलंय आता?" ड्यूई सँडविचकडे बघत म्हणाला. "ओपलच्या शवपेटीला खांदा दिला होता मी, हॉइट. झाकण लावताना तू तिच्या पायांशी ते ठेवलंस ते मी बघितलं. तुझ्याकडे दुसरं नाही ते मला ठाऊक. म्हटलं, हा आला की बसणार कशावर? म्हणून टाकत होतो. गेल्या वर्षी दर शनिवारी टाकलं. एकदा कुठलासा परगावचा माणूस आइस्क्रीम घेऊन बसायला लागला, त्याला मीच उठवला." मग त्याचा आवाज चढला. "आणि उगाच डोळ्यांत पाणी आणू नकोस. तू नसलास तर मी शिव्या घालायच्या कुणाला? अख्खा हंगाम फुकट गेला माझा."

नेडीन पेटी पालथी घालत होती तेव्हा ते ब्लँकेट कुठे होतं ते आता कळलं. मिस्टर हॉइट आपली टोपी हातात फिरवत उभे होते.

"ओपलला थंडी लवकर वाजते," ते हळूच म्हणाले.

मला खरं काय ते माहीत होतं.

ड्यूई उठला, हिरवा पलंगपोस दोन बोटांनी उचलून त्यानं माझ्याकडे टाकला, आणि आपलं चौकड्यांचं ब्लँकेट दोन्ही जागांवर अंथरलं. "बस," तो म्हणाला. "तुझा तो डबा सात नंबर आज पहिल्या फेरीत कसा मरतो ते बघूनच जा."

"पाचच मिनिटं," मिस्टर हॉइट म्हणाले आणि बसले. आपल्या जागेवर. शेजारची जागा मिस ओपलची. तिच्यावर बसायची माझी छाती होईना, म्हणून मी तिच्या कडेला जिन्याच्या पायरीवर टेकलो, मांडीवर पलंगपोस घेऊन. प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झालं, आणि मी कानांत कापसाचे बोळे घातले तेवढ्यात वीस मोटारी एकदम सुरू झाल्या.

तो आवाज कानांनी ऐकायचा नसतोच. तो बुडाखालच्या सिमेंटमधून वर येतो आणि बरगड्यांत मावत नाही. मिस्टर हॉइटनी चर्चची टोपी गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता हात पसरला. मी खिशातली सात नंबरची टोपी दिली. माझ्या खिशात ती आहे हे त्यांना कसं कळलं, कुणास ठाऊक. मुलगी त्यांची आहे.

शर्यत सुटली आणि पहिल्याच फेरीत, बरोबर आमच्यासमोर, सहा गाड्या एकमेकींत घुसल्या. धूर, रबराचा जळका वास, एक चाक एकटंच पुढे निघून गेलं. दोन रांगा खाली मिस फे डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या. मग एकेका खिडकीतून एकेक ड्रायव्हर बाहेर आला. पहिल्यानं हात केला, दुसऱ्यानं केला. सहावा यायला वेळ लागला. तो येईपर्यंत त्या हजारभर लोकांत एकही खोकला नव्हता. मी उभा होतो. कधी उठलो ते मला आठवत नाही. तो शेवटी बाहेर आला, त्यानं हात केला, आणि सगळ्या ट्रॅकनं एकदम श्वास सोडला. मिस फेनी डोळे उघडून टाळ्या वाजवल्या. त्यांचं उत्तर बाष्कळ नव्हतं.

त्यानंतर मात्र सगळी माणसं गाड्यांकडे न बघता माझ्या मांडीकडे बघू लागली. मिस व्हर्लीन स्वतः वर आल्या, पलंगपोस जप्त करून घेऊन गेल्या आणि पाटीखालच्या तांबड्या कुत्र्याला अंथरला. शर्यत पुन्हा सुटली. त्यापुढे कुणी आपटलं नाही, आणि याचं श्रेय कशाला गेलं ते सांगायला नको.

मी एका कानातला बोळा काढला. चुकून म्हणा, हट्टानं म्हणा. आणि मला जाणवलं की हा एक आवाज नाहीच. उरलेल्या चौदा गाड्यांचे चौदा आवाज आहेत, आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी. एकवीस नंबर खर्जात घुमत होती. एक निळी गाडी चढ्या सुरात, जवळजवळ किंचाळत. आणि सात नंबर समोरून जाताना काहीतरी खटकलं. इंजिनाच्या आठ ठोक्यांतला एक गळत होता. पुढच्या फेरीत पुन्हा तसंच. आता हे सांगावं कसं? मी मधली जागा ओलांडून मिस्टर हॉइटच्या हातावर बोटानं ताल धरला. सात ठोके, आणि आठव्याच्या जागी काही नाही. पुन्हा सात ठोके, पुन्हा रिकामं. त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं. मग गाडी समोर आली तेव्हा मान तिरकी करून ऐकलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. आणखी दोन फेऱ्या झाल्या आणि सात नंबर धूर ओकत आत वळून थांबली.

मागून ड्यूईनं आनंदानं टोपी हवेत उडवली. खरं सांगतो, मलाही इतका आनंद झाला की तो लपवता येईना. माझ्या सासऱ्यांची गाडी बंद पडली होती आणि मी लहान पोरासारखा हसत होतो, कारण मला आधी ऐकू आलं होतं. मिस्टर हॉइटनी मला कोपरानं एक सणसणीत ढुशी दिली. लग्न झाल्यापासून त्यांनी मला आपण होऊन लावलेला हा पहिला हात. मग त्यांनी वळून ड्यूईकडे बोट केलं, माझ्या कानाकडे बोट केलं, आणि छाती फुगवली. वैऱ्यापुढे ते माझी फुशारकी मारत होते.

सात नंबर गेली तेव्हा आम्ही निघायला हवं होतं. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. पण ते उठले नाहीत, आणि मी आठवण केली नाही. डोंगरामागे सूर्य गेला, दिवे लागले. एकवीस आणि निळी चाकाला चाक लावून पळत होत्या.

तेव्हा ते झालं. मिस्टर हॉइटची नजर निळ्या गाडीवर खिळलेली. आणि त्यांचा उजवा हात आपोआप, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, डाव्या दंडावर गेला आणि तळहात वरखाली चोळू लागला. चेहरा थोडासा शेजारी वळलेला. रिकाम्या जागेकडे.

मग त्यांना कळलं. हात तिथेच थांबला. खालीही येईना.

मी पायरीवरून उठलो आणि मिस ओपलच्या जागेवर बसलो. हा विचार करून मी केलेलं नाही. विचार केला असता तर अजून पायरीवरच असतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठांची हालचाल झाली, पण त्या आवाजात काय म्हणाले ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी पुन्हा समोर बघितलं, आणि सावकाश, या वेळी मुद्दाम, दंड चोळला.

माझ्या अंगात लोकरीचा कोट होता. सकाळपासूनच्या धावपळीनं माझा सदरा पाठीला चिकटला होता, कपाळावरून घाम ओघळत होता.

मी मान हलवून हो म्हटलं. त्यांनी समोरची नजर न हलवता ब्लँकेटचं टोक माझ्या गुडघ्यांवर ओढलं.